इंजिन खोलणारा गृहस्थ

खेळण्यातल्या आगगाडीची जुनी इंजिने दुरुस्त करणारा गृहस्थ बहुधा पन्नाशीच्या पुढे आढळतो. रेल्वेच्या गावातच तो निपजतो, हा समज खरा नाही. विदर्भातले रेल्वेचे धामणगाव अमरावती जिल्ह्यात आहे. पण बुलढाणा जिल्ह्यातल्या धामणगाव बढेला रूळच नाहीत. गाडी पकडायची तर मलकापूर किंवा बोदवड गाठावे लागते. या गृहस्थाला असलेच गाव मानवते. खरे इंजिन रोज दारावरून धडधडत गेले असते, तर त्याने कदाचित घड्याळे उघडली असती. मात्र पंपाच्या मोटारींचे रिवायंडिंग करणारे दुकान जवळ लागते. तांब्याची तार, व्हार्निश आणि न मागितलेला सल्ला तिथेच मिळतो.

त्याच्याकडे येणारा माल दोन प्रकारचा असतो. काही इंजिने पुण्याच्या जुन्या बाजारातून किंवा मुंबईच्या चोरबाजारातून येतात, बाकीची कोणाच्या तरी माळ्यावरच्या ट्रंकेतून. ट्रंकेतले प्रत्येक इंजिन आजोबांनी विलायतेहून आणलेले असते, मग आजोबा भुसावळच्या पलीकडे गेलेले नसोत. त्यांत इंग्लंडच्या हॉर्नबीचे आणि जर्मनीच्या मेर्कलिनचे घराणे मोठे. हॉर्नबीने १९२० साली चावीच्या गाड्या काढल्या आणि १९३८ साली ‘डब्लो’ ही विजेची लहान गाडी आणली. आज जगात सर्वाधिक चालते ते एचओ माप, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा भाग, आणि रुळांतले अंतर साडेसोळा मिलिमीटर. या मापात आपली ब्रॉडगेज सव्वाएकोणीस मिलिमीटर भरायला हवी. पण बाजारातले रूळ युरोपी गेजचे. भारतीय इंजिनाची प्रतिकृती त्यांवर चढवली की ते अंग चोरून उभे राहते. पावणेतीन मिलिमीटरच्या या अन्यायावर गृहस्थ पाहुण्यांशी चहा निवेपर्यंत बोलू शकतो.

दुरुस्तीची सुरुवात निदानाने होते. मालक सांगतो, “मोटर जळली.” ती सहसा जळलेली नसते. वीस-तीस वर्षे पडून राहिलेल्या इंजिनातले वंगण डिंकासारखे घट्ट झालेले असते. ते आधी रॉकेलने धुवायचे, मग शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाचणीच्या टोकाने सोडायचा. दुसरा थेंब टाकणाऱ्याला तो माणसात धरत नाही. नंतर चाके. बहुतेक गाड्यांत बारा व्होल्टची वीज रुळावरून चाकांतूनच वर चढते, त्यामुळे चाकांवरचा काळा थर खरवडल्याशिवाय इंजिन हलत नाही. मग मोटरचा कम्युटेटर: त्याच्या पाकळ्यांमधल्या फटीत कोळशाची पूड बसते आणि ती बांबूच्या काडीने काढावी लागते. झिजलेला कार्बन ब्रश गावात मिळण्याचा प्रश्नच नाही. मिक्सरचा कार्बन आणून कानशीने घासला की काम भागते. (घरचा मिक्सर त्या आठवड्यात बंद का, हे विचारू नये.) चाकावरचे रबरी कडे सुटले असेल, तर सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची चकती कापून बसवतात. लोहचुंबक मंदावला असेल, तर इंजिन वीज जास्त खाते, तापते आणि धावते कमी.

एकाच दुखण्यापुढे त्याचे हात टेकतात. जुन्या ओतीव सांगाड्याच्या जस्तात शिशाची भेसळ राहिली असेल, तर धातू आतून फुगतो, तडकतो आणि शेवटी बोटांत चुरतो. यावर इलाज नाही. असे इंजिन तो फेकत नाही, परतही करत नाही. बिस्किटांच्या डब्यात ठेवतो आणि मालकाला “बघतो” म्हणतो.

या कामाचा घराशी संबंध स्क्रूमुळे येतो. तीळभर स्क्रू चिमट्यातून निसटला की घरात संचारबंदी लागते.

“अगं, झाडू नकोस.”

“परवापासून नाहीच झाडलं. पाहुणे आले तर त्यांनाही चुंबक देऊ का हातात?”

त्याचे इतिहासाचे ज्ञान अफाट आणि एकांगी असते. मुर्तिजापूरच्या शकुंतला आगगाडीला मँचेस्टरमध्ये १९२१ साली बांधलेले वाफेचे इंजिन होते. १९२३ पासून सात दशके ओढून ते १९९४ साली निघाले आणि डिझेल आले. तेव्हापासून गृहस्थाने डिझेलशी अबोला धरला आहे. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी १९९८ साली लहान आगगाड्यांचे संग्रहालय उघडले, तिथे तो अधूनमधून जातो. गाड्या पळू लागल्या, दिवे लागले, मुले ओरडली की हा शेजारच्याला विचारतो, “तेल कोणतं वापरत असतील हो?” खामगाव-जालना लोहमार्गाची मागणी पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे, पण गृहस्थाच्या दिवाणावर तो मार्ग एका दुपारी टाकून होतो आणि भूसंपादन उशा हलवण्यापुरतेच.

सर्वांत मोठा गैरसमज असा, की त्याला गाडी चालवायला आवडते. चाललेली गाडी त्याला सोसत नाही. शेजारचा मुलगा विचारतो, “काका, चालली का?” काका चिंतेने म्हणतात, “चालली तर पुढं काय करायचं?” इंजिन दिवाणावर दोन फेऱ्या बिनचूक मारते. तो तिसऱ्या फेरीला कान लावतो, “आवाज येतोय” असे जाहीर करतो आणि पुन्हा स्क्रू काढतो. मालकाला हे उत्तर सहा-सहा महिने मिळत राहते. म्हणून जाणते मालक रिकाम्या हाताने जात नाहीत. दुसरे बंद इंजिन घेऊन जातात. ते टेबलावर ठेवले की पहिल्याचा आवाज तत्काळ थांबतो.