जबडे आवळणाऱ्या खर्ऱ्यास

खर्ऱ्या,

तुला नमस्कार घालत नाही. तुला नमस्कार करणारे या जिल्ह्यात कमी नाहीत. उमरखेडपासून वणीपर्यंत कुठल्याही पानठेल्यावर दिवस तुझ्याच नावाने उजाडतो. कातरलेली सुपारी, वर तंबाखू, बोटभर चुना; ठेलेवाला पन्नी गुंडाळतो आणि तुला घोटत राहतो. पन्नी आतून तपकिरी, ओलसर झाली की तू तयार. थोडा गालात, उरलेला गाठ मारून खिशात. कापूस वेचताना तू तोंडात, एसटीत तू तोंडात, मयतीलाही तू तोंडात.

माझ्या थोरल्या भावाच्या तोंडात आता दीड बोट जातं. धडधाकट माणसाची उभी तीन बोटं जातात. आधी त्याला ठेचा झोंबायला लागला, मग साधं वरणही. गालाच्या आतली कातडी पांढुरकी पडली आणि चाचपलं की आत सुतळीसारखे ताठ पट्टे हाताला लागू लागले. आज घास चिमटीत धरून आत सारावा लागतो. शिट्टी तर गेलीच. आणि तो काय म्हणतो? "जबड्याचा सांधा धरलाय. लाइटचा शेक घेतो, नाहीतर दातांवर बसवायची पट्टी करून घेतो."

किती निर्धास्त आहेस तू! करणी तुझी आणि आळ सांध्यावर.

सांध्याचं दुखणं खरंच असतं, म्हणून तर तुझं फावतं. कानापुढे बोट ठेवून तोंड उघडलं की हा सांधा हलताना कळतो. त्यातली चकती जागची सरकली की कट् वाजतं, कधी जबडा अडकतो. झोपेत दात खाणाऱ्याला डॉक्टर रात्रीसाठी ॲक्रिलिकची स्प्लिंट देतात. मग दात दातांवर घासत नाहीत, जबड्यावरचा ताण हलका होतो. लाइट थेरपीत कमी ताकदीच्या लेसरचा लाल किंवा डोळ्यांना न दिसणारा प्रकाश दुखऱ्या जागी सोडतात. तो कापत नाही, भाजत नाही. काहींचं दुखणं त्याने कमी होतं. दोन्हींचा पुरावा अजून कच्चाच आहे, पण ज्याचा सांधा दुखतो त्याने डॉक्टरांना विचारून ते जरूर करावं. दिवसभर तुला चघळून ज्यांचे स्नायू दुखतात त्यांनाही थोडा आराम पडेल. पण तुझे पट्टे सोडवणं ना त्या स्प्लिंटचं काम, ना सांध्यावर टाकलेल्या प्रकाशाचं.

तुझं काम गालात चालतं. सुपारीतलं अरेकोलीन तिथल्या पेशींना जास्तीचे तंतू बनवायला लावतं, सुपारीतलंच तांबं त्या तंतूंना आणखी घट्ट जखडतं. 1952 साली श्वार्ट्झ यांनी केनियातल्या पाच भारतीय बायकांच्या तोंडात पट्ट्यांचा हा आजार नोंदवला. 2004 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने तंबाखूशिवायची नुसती सुपारीही कर्करोग करते असं जाहीर केलं. तू तर दोन्ही घेऊन येतोस. तुला सोडल्यावरही पट्टे पुरते विरत नाहीत. मग गालात इंजेक्शनं घ्या, लाकडी काड्या एकेक वाढवत दातांमध्ये धरून तोंड ताणत बसा, फारच आवळलं तर पट्टे कापून घ्या. त्यासाठी सावंगी मेघे किंवा नागपूरचा दवाखाना गाठायचा आणि दर खेपेला मजुरी बुडवायची. पाकिटात तू केवढासा, आणि खर्च केवढा लावतोस!

2012 साली राज्यात गुटख्यावर बंदी आली, पुढे तुझंही नाव त्या यादीत चढलं. तुझा एकही ठेला त्याने हलला नाही. गडचिरोलीत मात्र 2016 पासून 'मुक्तिपथ' मोहिमेने तुझ्याविरुद्ध गावोगाव माणसं उभी केली. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही, असा 2003 चा कायदा सांगतो. आमच्या गावच्या शाळेच्या फाटकातून तुझा ठेला दिसतो. मधल्या सुट्टीत सहावीची पोरं तिथे उभी असतात.

तो ठेला हलवायचा ठराव येत्या ग्रामसभेत मी मांडणार आहे. भाऊ सोबत येतो म्हणालाय. जेवढं तोंड उघडतं तेवढ्यात तो बोलणार आहे.

तुझ्या जुन्या गिऱ्हाइकाचा धाकटा भाऊ