अध्यक्ष महोदय, आपले उपकार फिटणे नाही!

प्रति,
परमआदरणीय अध्यक्ष महोदय,

कृ. सा. न. वि. वि.

परवा आमच्या व्याख्यानमालेला आपण स्वतःच्या अमूल्य वेळातून वेळ काढून आलात आणि आल्यावर आमच्या वेळातूनही भरघोस काढलात, त्याबद्दल प्रथम मनःपूर्वक आभार.

खरे तर अध्यक्षांनी शेवटी बोलायचे असते. पण आपल्याला पुढच्या कार्यक्रमाला जायचे होते, म्हणून मोठ्या मनाने आपण वक्त्यांच्या आधी उभे राहिलात. त्या बिचाऱ्या शेजारच्या जिल्ह्यातून एसटीने आल्या होत्या, जमिनीची धूप या विषयावर बोलायला. त्यांना काय, बसायची सवय असणारच.

माईकवर आधी टिचकी, मग फुंकर, मग ‘येतोय का आवाज?’ येत होता, महाराज. शेवटच्या रांगेपर्यंत येत होता. पुढे आपण माईक हातात घेऊन फिरत फिरत थेट स्पीकरच्या पुढ्यात जाऊन उभे राहिलात. स्पीकरमधला आवाज पुन्हा माईकमध्ये शिरला की शिट्टी वाजते, हे साउंडवाला पोरगा दोन्ही हात हलवून सांगत होता. आपण त्याला वाकून नमस्कार केलात! एवढा विनय हल्ली कुठे पाहायला मिळतो?

व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावे घेणे हा तर आपला हातखंडा. एक नाव चुकले, ते दुरुस्त केलेत. एक राहिले, ते भाषण ऐन मध्यावर आल्यावर आठवले, तेव्हा चालू वाक्य तिथेच सोडून त्या गृहस्थांची माफी मागितलीत. ते वाक्य अजून आमच्याकडे अर्धेच पडून आहे. सवडीने पुरे करून न्यावे.

‘मी आपला जास्त वेळ घेणार नाही’ हे आश्वासन आपण इतक्या वेळा दिलेत, की तेवढ्यात एखादा मुद्दा सांगून झाला असता. पण मुद्द्यासारखी क्षुद्र गोष्ट आपल्याकडून अपेक्षिणे हा आमचाच कोतेपणा.

सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने चिठ्ठी पाठवली. आपण ती वाचून, चौघडी करून जाकिटाच्या खिशात ठेवलीत. दुसरी चिठ्ठी मात्र मोठ्याने वाचून दाखवलीत आणि ‘श्रोत्यांची इच्छा असेल तर थांबतो’ म्हणालात. पहिल्या रांगेत आपल्याच गाडीतून आलेले तिघे ‘बोला, बोला’ म्हणाले. मागून टाळ्यांचा कडकडाट झाला तो थांबण्यासाठी होता, पण कलावंताने दाद कशी घ्यावी हे आपल्याकडूनच शिकावे.

आपल्या तोडीचा माणूस शोधू लागलो तेव्हा अमेरिकन वक्ते एडवर्ड एव्हरेट आठवले. १९ नोव्हेंबर १८६३ रोजी गेटिसबर्गच्या दफनभूमीच्या कार्यक्रमात ते दोन तास बोलले. त्यांच्यानंतर लिंकन उभे राहिले आणि दोन-तीन मिनिटांत खाली बसले. कुणाचे भाषण जगाने पाठ केले, ते आपण जाणताच. तरी एव्हरेट आपल्यापुढे कच्चेच. तयारीला वेळ हवा म्हणून त्यांनी ऑक्टोबरात ठरलेला समारंभ नोव्हेंबरात न्यायला लावला होता. आपल्याला तयारीची गरजच नाही, हे पहिल्या वाक्यापासून कळत होते. शिवाय दुसऱ्या दिवशी पत्र लिहून एव्हरेट यांनी लिंकनची मनापासून तारीफ केली, म्हणजे त्यांनी दुसऱ्याचे भाषण ऐकलेही होते. आपण असल्या मोहात कधी पडला नाहीत.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून मराठी माणूस उन्हाळ्याच्या संध्याकाळी पदरमोड करून ऐकायला बसत आला आहे. इतके अध्यक्ष सोसूनही अजून बसतो, ही त्याची चिकाटी.

आपण गेल्यावर काय झाले ते कळवणे माझे कर्तव्य. सभागृह नऊला रिकामे करून द्यायचे असते, त्यामुळे बाईंच्या वाट्याला जेमतेम बारा मिनिटे आली. त्यांनी कागद मिटले, कुणाचेही नाव घेतले नाही. टेबलावर दोन बाटल्या ठेवल्या, एकीत गढूळ पाणी, दुसरीत बरेच नितळ. ‘दोन्ही पाणी एकाच उतारावरचं. एका शेताच्या बांधावर गवत होतं,’ एवढे म्हणून क्षणभर थांबल्या. सभागृहात खुर्ची करकरली नाही. एका आजोबांनी विचारले, ‘बाई, मग बांधावर लावू काय?’ त्यांनी सांगितले, ‘वाळा,’ आणि कशासाठी, तेही दोन वाक्यांत. आजोबांनी ते तळहातावर लिहून घेतले. आपल्या चाळीस मिनिटांतले मात्र कुणी काही लिहून घेतल्याचे आढळले नाही. बहुधा सगळ्यांना तोंडपाठ झाले असावे.

तेव्हा नम्र विनंती, की पुढल्या वर्षीही आपण अगत्य यावे. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची आपल्यासाठी राखून ठेवू. श्रोत्यांमधली.

आपला कृपाभिलाषी,
एक श्रोता