धुरा दोघांचा

मौद्यात हवा फुकट आहे, युरिया रांगेत. हवेचा 78 टक्के भाग नायट्रोजन, म्हणजे कन्हानकाठच्या प्रत्येक बांधीवर टनांनी खत तरंगत असतं. तरी रोवणी आटोपली की आमचे काका आधार कार्ड घेऊन कृषी केंद्रात अंगठा लावायला उभे.

"हवेत एवढं आहे, त मंग धानाले काऊन नाही भेटत बे?"

मी रसायनशास्त्राची शिकवणी घेतो, त्यामुळे असल्या तक्रारी माझ्याकडेच येतात. सांगितलं, "काका, नायट्रोजनच्या बाहेरच्या कवचात इलेक्ट्रॉन पाच, पाहिजेत आठ. मग दोन अणू आपापले तीन-तीन मधे ठेवतात आणि ते सहाही दोघं आपलेच म्हणून मोजतात."

"म्हंजे दोन वावरांमधल्या धुऱ्यावानी!"

सहसंयुज बंधाची इतकी नेमकी व्याख्या मी पुस्तकात वाचलेली नाही. फरक एवढाच, की अणू तहसीलमध्ये जात नाहीत. गिल्बर्ट लुईसनं 1916 साली हेच मांडलं. नोबेलसाठी त्याचं नाव कितीदा तरी सुचवलं गेलं, मिळालं नाही. काकांनाही धुरा अजून मिळालेला नाही.

नायट्रोजनचा हा तिहेरी बंध महाचिवट, म्हणून धान उपाशी. तो तोडून एकेका अणूला तीन हायड्रोजन जोडले की अमोनिया. यात नायट्रोजनची एक जोडी बिनवाटणीची उरते आणि बाकीच्यांना रेटते. त्यामुळे मिथेनमधला 109.5 अंशांचा कोन इथं 107 वर येतो. पाण्यातल्या ऑक्सिजनकडे अशा दोन जोड्या, तिथं 104.5. एकत्र कुटुंबात राहिलेल्याला हे वेगळं समजवावं लागत नाही.

पण याच रिकामटेकड्या जोडीला हायड्रोजनचा आयन चिकटतो, अमोनियम होतं, आणि साचल्या पाण्यातला धान मुख्यतः तेच खातो. युरियाचंही बांधीत शेवटी अमोनियमच होतं.

तिहेरी बंध तोडायला कारखान्यात लोखंडाचा उत्प्रेरक, चारशे अंशांच्या वर आच आणि हवेच्या दीड-दोनशे पट दाब लागतो. ती रीत शोधणाऱ्या फ्रिट्झ हाबरला 1918 चं नोबेल मिळालं. बांधीतलं निळं-हिरवं शेवाळ हेच काम मौद्याच्या साध्या उन्हात करतं, तेही अंगठा न लावता. दिसलं तर रामराम घाला, राजेहो.