तान्ह्या प्रवाशाची खर्चमीमांसा

महाराष्ट्रातील प्रवासव्यवस्थेचा तान्ह्या मुलाकडे पाहण्याचा दृष्टिकोन एकंदरीत उदार आहे. एस.टी. महामंडळ पाच वर्षांखालील मुलाचे तिकीट फाडत नाही, स्वतंत्र बर्थ मागितला नाही तर रेल्वेही त्याच वयापर्यंत त्याला फुकट नेते, आणि विमान कंपन्या दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत त्याला आईबापांच्या मांडीवर बसवून आंतरराष्ट्रीय मार्गावर साधारणतः मोठ्या माणसाच्या भाड्याच्या एक दशांशात भागवतात. या तिन्ही व्यवस्थांचे गृहीतक एकच आहे : मूल जागा व्यापत नाही. (अशा मुलाच्या शेजारच्या आसनावर बसून ज्यांनी पुणे ते नागपूर रात्रभर प्रवास केला आहे, त्यांचे मत वेगळे असू शकते; पण भाडेतक्ता ठरवताना त्यांना कोणी विचारत नाही.) क्रूझ, म्हणजे ज्या सहलीत मुक्काम, जेवणखाण आणि करमणूक हे सर्व एकाच मोठ्या जहाजावर होते आणि बंदरे ही केवळ तोंडी लावण्यापुरती असतात ती समुद्रसफर, हे गृहीतक मुळातूनच मोडीत काढते. तेथे सहा महिन्यांचे मूल हा एक पूर्ण माणूस असतो.

या समतेचे मूळ दयाबुद्धीत नसून जीवरक्षक नौकांच्या हिशेबात आहे. १९१२ साली टायटॅनिक बुडाले तेव्हा त्यावर सुमारे २,२०० माणसे होती आणि नौकांमध्ये जागा मात्र १,१७८ जणांपुरतीच होती. या दुर्घटनेनंतर १९१४ साली लंडनमध्ये सागरी सुरक्षिततेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला आणि जहाजावरील प्रत्येक जीवासाठी नौकेत जागा असलीच पाहिजे, हे तत्त्व रुजले. जीव मोजताना वजन पाहिले जात नाही. आठ किलोचे बाळ आणि ऐंशी किलोचे त्याचे वडील या मोजणीत समान ठरतात, इतकेच नव्हे तर पंधरा किलोखालील प्रवाशासाठी स्वतंत्र मापाचे जीवरक्षक जाकीट जहाजावर ठेवावे लागते. आपत्काळी ज्या ठिकाणी जमायचे त्या ठिकाणाला ‘मस्टर स्टेशन’ म्हणतात आणि तेथील नौकांची क्षमता ठरलेली असल्यामुळे असा चमत्कारिक प्रसंग उद्भवू शकतो, की केबिनमध्ये चार खाटा असूनही संगणक तिसरा प्रवासी स्वीकारत नाही आणि आपले मूल नौकेत मावत नसल्याचे एजंट फोनवरून अत्यंत शांतपणे सांगतो. कोकणच्या जुन्या आगबोटींच्या काळात हा प्रश्न कोणाला पडला नसावा. तेव्हा अनेक बंदरांत बोट धक्क्याला लागतच नसे. उतारू पडावातून बोटीपर्यंत जात आणि पोर, ट्रंक व फणस हे तिन्ही जिन्नस एकाच पद्धतीने हातोहात वर चढवले जात.

अभ्यासाच्या सोयीसाठी पुण्यातील एक नमुना कुटुंब घ्यावे : नवरा, बायको आणि आठ महिन्यांचे बाळ, मार्ग सिंगापूरहून निघून चार रात्रींनंतर सिंगापूरलाच परतणारा. बाळ आठ महिन्यांचे असणे हा योगायोग नव्हे. बहुतेक कंपन्या सहा महिन्यांखालील मुलाला जहाजावर घेत नाहीत आणि सलग तीन किंवा अधिक दिवस बंदर लागणार नसेल तर ही मर्यादा बारा महिन्यांवर नेतात, कारण जहाजावरच्या दवाखान्यात डॉक्टर असला तरी बालरोगतज्ज्ञ सहसा नसतो. उलट बाजूला, चोवीस आठवड्यांपलीकडील गर्भवतीलाही प्रवेश नसतो. म्हणजे हौस डोहाळजेवणाआधी तरी भागवावी लागते, नाहीतर उष्टावणाच्या सुमारास. आमचे मूल फार समंजस आहे, अशी समजूत अजून शाबूत असण्याचा काळही नेमका हाच असल्यामुळे बहुसंख्य आरक्षणे या दुसऱ्या टप्प्यात होत असावीत.

भाड्याची रचना वरवर पाहता दिलासा देणारी आहे. जाहिरातीतील दर ‘दोघांच्या केबिनमागे माणशी’ असतो. त्याच केबिनमधील तिसऱ्या आणि चौथ्या माणसाला बराच कमी दर लागतो आणि हंगाम मंदावला की ‘मूल फुकट’ अशी योजनाही निघते. मात्र बंदरशुल्क आणि कर हे माणशी लागतात आणि पहिल्या परिच्छेदात म्हटल्याप्रमाणे मूल हे माणूस असते. याहून गमतीची गोष्ट अशी, की सवलत वयाला नसून क्रमांकाला आहे. तेच बाळ एकट्या आईबरोबर निघाले तर ते केबिनमधील दुसरा प्रवासी ठरते आणि पूर्ण भाडे भरते. म्हणजे बापाचा उपयोग काय, या अनेक घरांत अधूनमधून उपस्थित होणाऱ्या प्रश्नाला सागरी अर्थशास्त्राने निदान एक उत्तर दिलेले आहे.

कागदपत्रांचा खर्च किरकोळ, पण त्यातील कष्ट मोठे. अज्ञान मुलाच्या पासपोर्टचे शुल्क १,००० रुपये असून आठ वर्षांखाली त्यात दहा टक्के सूट मिळते, सिंगापूरच्या व्हिसासाठी मोठ्यांइतकेच ३० सिंगापूर डॉलर लागतात, आणि चार वर्षांखालील मुलाचा पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो घरूनच न्यावा लागतो. या फोटोत चेहरा समोर, डोळे उघडे आणि मागून आधार देणारा हात अदृश्य असावा, अशी अपेक्षा असते. पांढऱ्या चादरीवर बाळाला निजवून, खुर्चीवर चढलेल्या काकाने वरून फोटो टिपायचा आणि आत्याने खुळखुळा नेमका भिंगाच्या वर धरायचा, ही पद्धत सर्वांत यशस्वी ठरते; तरीही पहिल्या पस्तीस-चाळीस फोटोंत बाळ झोपलेले, रडणारे किंवा काकाकडे तीव्र संशयाने पाहणारे असते. पासपोर्ट पाच वर्षे चालतो. त्यातील चेहरा जेमतेम पाच आठवडे.

खरा खर्च सामान भरताना सुरू होतो. जहाजावर चोवीस तास अन्न मिळते, हे जाहिरातीतील वाक्य खरे असले तरी त्यात बाळाचे अन्न सहसा येत नाही. दुधाची पावडर, डायपर आणि वेट वाइप्स ही सर्व रसद किनाऱ्यावरूनच न्यावी लागते, कारण जहाजावरील दुकानात घड्याळे आणि अत्तरे जितक्या सहज मिळतात तितक्या सहज डायपर मिळत नाहीत. पुण्याच्या कुटुंबापुढे आणखी एक पेच असतो. बाळाने नुकताच मऊ भात आणि नाचणीसत्त्व हे दोनच पदार्थ मान्य केलेले असल्याने बॅगेत विजेची छोटी किटली, चिमुकला कुकर आणि आजीने स्वतः भिजवून, वाळवून, वस्त्रगाळ केलेल्या नाचणीसत्त्वाचा स्टीलचा डबा असतो. जहाजावर आगीची भीती सर्वांत मोठी मानली जाते आणि म्हणून उष्णता निर्माण करणारी उपकरणे केबिनमध्ये नेण्यास बहुतेक कंपन्यांची मनाई असते. क्ष-किरण यंत्रापाशी किटली आणि कुकर पावती देऊन काढून घेतले जातात आणि शेवटच्या दिवशी परत मिळतात. डब्याचे प्रकरण अधिक नाजूक असते. घरी केलेल्या अन्नाला परवानगी नसते, कारखान्यात सीलबंद झालेले बालान्न चालते, आणि करड्या-तपकिरी रंगाच्या, वास नसलेल्या त्या बारीक भुकटीकडे सुरक्षारक्षक ज्या नजरेने पाहतो ती नजर आईला आपल्या संगोपनावरील टीका वाटते. पुढे चार दिवस जहाजावरील आचारी, ज्याला रोज हजारो माणसांचे जेवण रांधायचे असते, एका प्रवाशासाठी भात अधिक शिजवून, घोटून, मीठ न घालता पाठवतो. बाळ त्याला तोंड लावत नाही. त्याला केळे हवे असते, आणि केळी फुकट असतात.

केबिनविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण खर्चाची सर्वांत मोठी उडी येथेच पडते. खिडकी नसलेल्या आतल्या बाजूच्या केबिनचे क्षेत्रफळ साधारणतः १५० ते १७० चौरस फूट असते. त्यात जोडपलंग, मेज आणि न्हाणीघर वजा जाता उरलेल्या पट्टीत, कंपनीने विनामूल्य दिलेला घडीचा पाळणा उघडला की जमीन संपते. बाळ सात वाजता झोपते आणि दिवा लागला की उठते. त्यामुळे जहाजावर संगीताचे कार्यक्रम, नाट्यगृह आणि पाच प्रकारची उपाहारगृहे ऐन भरात असताना आईबाप मिट्ट काळोखात पलंगाच्या कडेवर, मोबाइलचा प्रकाश पांघरुणात कोंडून, एकमेकांशी खुणांनी बोलत बसलेले असतात. पहिल्या रात्री ते न्हाणीघरात दार ओढून घेऊन, एकाने झाकण लावलेल्या कमोडवर आणि दुसऱ्याने उंबऱ्यावर बसून पिझ्झा खातात. म्हणून अनुभवी पालक सज्जाची केबिन घेतात. सज्जा समुद्र पाहण्यासाठी असतो हा गैरसमज आहे. त्याचे खरे कार्य, झोपलेल्या मुलापासून काचेच्या एका दाराइतके अंतर राखून दोन प्रौढांना कुजबुजण्यापेक्षा किंचित मोठ्या आवाजात भांडता यावे, हे होय, आणि या सोयीसाठी भाडे अनेकदा दीडपटीच्या घरात जाते.

या टप्प्यावर पाळणाघराचा विचार पुढे येतो. मोठ्या जहाजांपैकी काहींवर तान्ह्या मुलांसाठी पाळणाघर असते. डिस्नेच्या जहाजांवर सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या मुलासाठी ताशी ९ डॉलर, म्हणजे डॉलर ८५ रुपयांचा धरल्यास तीन तासांच्या निवांत जेवणाला २,२९५ रुपये पडतात, आणि मूल शांत होईना तर आईबापांना बोलावून घेतले जाते. म्हणजे रक्कम निश्चित, निवांतपणा अनिश्चित. मराठी कुटुंबाकडे याला पर्यायी संस्था उपलब्ध असते. “आई, तुम्हीही चला ना, तुमचंही फिरणं होईल,” असे सून अतिशय प्रेमाने म्हणते आणि आजीला या वाक्याचा अर्थ पहिल्या शब्दालाच कळतो.

आजी ही फुकट असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती तपासून पाहावी. आजी चौथी प्रवासी म्हणून त्याच केबिनमध्ये राहिली तर दर कमी पडतो, पण चौथी खाट छतातून खाली ओढायची असते, तिला शिडी असते, आणि आजीच्या गुडघ्यांनी शिडी केव्हाच वर्ज्य केलेली असते. शिवाय ती तेथे चढली तरी अंधारात पलंगाच्या कडेवर बसणाऱ्यांची संख्या तीन होण्यापलीकडे काही साधत नाही. म्हणून दुसरी केबिन घ्यावी लागते. दर दोघांच्या हिशेबाने असल्यामुळे केबिनमध्ये एकट्याने राहणाऱ्याला जवळजवळ दुप्पट भाडे पडते, याला ‘एकल अधिभार’ म्हणतात, आणि तेवढेच पैसे द्यायचे तर आजोबांनाच का नेऊ नये, या निर्विवाद तर्काने आजोबाही निघतात. अशा रीतीने ज्याचे स्वतःचे भाडे जवळजवळ नगण्य होते, त्या एका बाळासाठी दोन केबिन आणि चार मोठी माणसे समुद्रावर जातात. तिसऱ्या दिवशी बाळ किरकिर करू लागते तेव्हा त्याला नक्की कोणाची तरी नजर लागली, असे निदान होते. परंतु मीठ-मोहरी ओवाळून ती जाळण्यासाठी निखारा मिळवणे आणि धूर झाल्यावर धोक्याची घंटा वाजू न देणे, या दोन्ही गोष्टी आधुनिक जहाजावर अशक्य असल्याने आजी मीठ-मोहरी ओवाळून सज्जातून समुद्रात टाकते. जहाजावरून काहीही समुद्रात टाकणे निषिद्ध आहे, ही सूचना तिच्या मागेच इंग्रजीत लावलेली असते.

पोहण्याच्या तलावाविषयी फार लिहिण्यासारखे नाही, कारण डायपरमधील मुलाला तेथे प्रवेश नसतो. अमेरिकेच्या बंदरांना लागणाऱ्या जहाजांसाठी हा तेथील आरोग्य खात्याचा नियम आहे, आणि मोठ्या कंपन्या तो इतरत्रही पाळतात. त्यामुळे बाळासाठी खास घेतलेला, बदकाचे चित्र असलेला पोहण्याचा पोशाख तलावाच्या काठावर फोटो काढण्यापुरता वापरला जातो. धुण्याचा खर्च मात्र डोळ्यांत भरणारा असतो. अनेक जहाजांवर कपडे नगावर धुतले जातात आणि दरपत्रकात झबले, टोपरे, लाळेरे असे रकाने नसल्याने वीतभर झबल्याला सदऱ्याचा भाव लागू होण्याचा धोका असतो. दोरी बांधून दुपटी सज्जात वाळत घालणे हा स्वाभाविक उपाय, पण वाऱ्याने उडून पडण्याच्या आणि आगीच्या भीतीने कठड्यावर कपडे टाकू देत नाहीत. यातून आजी मार्ग काढते. तलावाजवळ केबिनच्या कार्डावर नोंद करून जे मोठे, जाड टॉवेल मिळतात, त्यांतील दोन बाळाखाली अंथरण्यासाठी केबिनमध्ये आणले जातात, आणि ते दुपट्यांपेक्षा इतके सरस ठरतात की परत करण्याचे कोणाच्याच मनात येत नाही.

शेवटच्या रात्री दोन घटना घडतात. मोठ्या बॅगा केबिनच्या दाराबाहेर ठेवायच्या असतात, त्या रात्रीतून गोळा होऊन बंदरावर जातात. आणि जहाजावर झालेल्या खर्चाच्या खात्याचे बिल येते. त्यात प्रत्येक प्रवाशामागे दररोज बक्षिसीची रक्कम लावलेली असते, जी साधारणतः १६ ते २० डॉलरच्या दरम्यान असते. काही कंपन्या दोन वर्षांखालील मुलाला ती माफ करतात, काही करत नाहीत. नमुना कुटुंबाच्या बिलात बाळाच्या नावापुढे १८ डॉलरप्रमाणे चार रात्रींचे ७२ डॉलर, म्हणजे ६,१२० रुपये, दिसतात. आजोबा, जे आयुष्यभर बँकेत होते आणि ज्यांनी चार दिवस खर्चाविषयी अवाक्षर काढलेले नसते, ते चष्मा लावून स्वागतकक्षापुढील रांगेत उभे राहतात. ज्या प्रवाशाला अजून दात आलेले नाहीत त्याला भोजनगृहातील वाढप्याने कोणती सेवा दिली, हा त्यांचा मुद्दा बिनतोड असतो, आणि विनंती केल्यास ही रक्कम वगळण्याची अनेक कंपन्यांत सोय असल्यामुळे तरुण कर्मचारी हसून ती वगळतो. आजोबा विजयी मुद्रेने सुधारित बिल घेऊन परततात. त्यात अखेरीस एक नवी नोंद असते : तलावाचे टॉवेल, नग दोन, परत आलेले नाहीत, प्रत्येकी २५ डॉलर.

टॉवेल एव्हाना बॅगेच्या तळाशी, नाचणीसत्त्वाच्या रिकाम्या डब्याभोवती गुंडाळलेले असतात आणि बॅगा गेलेल्या असतात. पुण्यात पोचल्यावर त्यांतील एक बाळाखाली अंथरला जातो. दुसरा, तो २,१२५ रुपयांना पडला आहे हे आजोबांनी दोनदा सांगितल्यामुळे, घडी करून पाहुण्यांसाठी म्हणून कपाटात ठेवला जातो आणि कोणत्याही पाहुण्याला दिला जात नाही.