नळाला तारीख आली

छत्रपती संभाजीनगरच्या सिडको-हडकोतल्या गृहिणीला पंचांगापेक्षा नळाचं वेळापत्रक जास्त पाठ असतं. मागचं पाणी कधी आलं होतं, गॅप किती दिवसांचा, मग पुढचं कोणत्या पहाटे. त्या पहाटे ड्रम, हौद, कळश्या, अगदी कुकरसुद्धा भरून ठेवायचा. शेजाऱ्याने नळाला टिल्लू मोटर लावली की आपलीही लावायची, नाहीतर नळातून नुसती हवा येते. ही मोटर बेकायदा आहे आणि ती जप्त करायला महापालिकेचं पथक येतं. पाण्याच्या बाबतीत कायदा इतक्या तत्परतेने घरापर्यंत पोचतो तो एवढ्याच कामासाठी.

वरच्या अंगाला मात्र कायद्याने मोठी झेप घेतली आहे. महाराष्ट्राने 2005 मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला आणि समन्यायी पाणीवाटप कलमात बसवलं. पुढे मेंढेगिरी समितीने सूत्र दिलं: 15 ऑक्टोबरला पैठणच्या, गोदावरीवरच्या जायकवाडी धरणात उपयुक्त साठ्याच्या 65 टक्के पाणी नसेल, तर नाशिक-नगरच्या धरणांतून खाली सोडायचं. 76.65 टीएमसीचे 65 टक्के म्हणजे जवळजवळ 50 टीएमसी. ढगांना मुदत घालून देणारा असा कायदा विरळाच! 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाच्या बाजूने निकालही दिला.

तरीही पाणी सोडायचं म्हटलं की वरचे कोर्टात, खालचे रस्त्यावर. 2023 मध्ये 8.6 टीएमसी सोडण्याचा आदेश ऑक्टोबरच्या अखेरीस निघाला. सर्वोच्च न्यायालयापर्यंत धावाधाव झाली, आंदोलनं झाली, आणि पाणी हललं ते नोव्हेंबरच्या अखेरीस. गोदावरीला उतार आहे, फायलीला नाही.

बरं, पाणी पैठणला आलं. तिथून शहर जेमतेम पन्नास किलोमीटर. आधी ‘समांतर’ जलवाहिनी खासगी कंपनीकडे दिली. 792 कोटींचा हा गाजलेला प्रयोग 2016 मध्ये महापालिकेनेच गुंडाळला. मग 1,680 कोटींची नवी योजना आली. 12 डिसेंबर 2020 ला उद्धव ठाकरे यांच्या हस्ते भूमिपूजन झालं. दीड वर्षाने, 23 मे 2022 ला, देवेंद्र फडणवीस यांनी शहरात ‘जल आक्रोश’ मोर्चा काढला. सरकार बदललं, योजनेचा आकडा 2,740 कोटींवर गेला. आकड्याला तेवढी कधी टंचाई भासली नाही.

दरम्यान या योजनेवर मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठात जनहित याचिका सुरू झाली. घटनेचा अर्थ लावायला बसलेल्या न्यायमूर्तींना 2,500 मिलिमीटर व्यासाचे पाइप किती टाकले, किती जोडले, जलकुंभ कुठवर आले, याचे अहवाल वाचावे लागले. न्यायालयाचा दोष नाही. ज्यांनी मोजायचं त्यांनी मोजलं नाही, म्हणून न्यायालयाला टेप हातात घ्यावी लागली. प्रत्येक सुनावणीत खात्याने नवी मुदत सांगायची आणि पुढच्या सुनावणीत तिच्यात पडलेली भर कळवायची. शहराच्या नावाचा वाद एवढा भावनिक, तोही उच्च न्यायालयात मे 2024 मध्ये निकाली निघाला; पाण्याचा नाही. 2025 च्या पावसाळ्यात जायकवाडीचे दरवाजे उघडून पाणी खाली सोडावं लागलं, तेव्हाही शहरातला गॅप मिटलेला नव्हता.

पाणीपट्टी मात्र वर्षाची. ती 4,050 रुपये होती. 2022 मध्ये बोंब झाली तेव्हा निम्मी करून 2,025 केली. निम्मा दर शोभतो दिवसाआड पाण्याला; पाणी येत होतं आठ दिवसांनी. म्हणजे प्रशासनाने कबुलीजबाबही दिला नाही आणि हिशेबही जुळवला नाही.

नागरिकाने मालमत्ता कर थकवला तर कायद्याप्रमाणे दरमहा 2 टक्के शास्ती लागते. योजनेची तारीख चुकवणाऱ्या खात्याला अशी शास्ती लावणारं कलम कोणत्याच विधिमंडळाला अजून सुचलेलं नाही. ते सुचेपर्यंत वाचकांनी आपली बिलं वेळेत भरावीत.