जबलपुरात गाडी कशी चालवावी : पाहुण्यांसाठी नियमावली

पुण्याहून, मुंबईहून किंवा थेट जर्मनीहून सुट्टीला आलेले आतेभाऊ-मावसभाऊ जबलपुरात पोचले, की तासाभरात गाडीची किल्ली मागतात. त्यांच्या सोयीसाठी आणि आमच्या बंपरच्या हितासाठी पुढील नियम जारी करण्यात येत आहेत.

१. शहराचा मान राखा. जर्मनीच्या 'मान' कंपनीच्या परवान्यावरचा शक्तिमान ट्रक १९५९ पासून इथल्याच गन कॅरेज फॅक्टरीत बनू लागला. १९६९ मध्ये व्हेइकल फॅक्टरी उभी राहिली. निस्सानच्या आराखड्यावरची लष्करी जोंगा तिथलीच. तिच्या नावातला 'ज' जबलपूरचा. तेव्हा जर्मन आणि जपानी यंत्रं आम्हाला घरची आहेत. सवयी मात्र आम्ही कुणाच्याच परवान्यावर घेतलेल्या नाहीत.

२. दांडी ओळखा. मारुतीत इंडिकेटरची दांडी स्टिअरिंगच्या उजवीकडे असते, स्कोडा-फोक्सवॅगनमध्ये डावीकडे. त्यामुळे उसनी गाडी घेतलेला पाहुणा भर मे महिन्यात कोरड्या काचेवर वायपर फिरवत रसेल चौकात वळतो. ओशाळू नका. मागच्यांचं इंडिकेटरकडे जेवढं लक्ष असतं, तेवढंच वायपरकडेही असतं.

३. डिपरचा अर्थ लावा. जर्मनीत चौकात समोरच्याने दिवे लुकलुकवले, तर बहुधा 'तुम्ही आधी जा' असं म्हणायचं असतं. इथे त्याचा अर्थ 'मी येतोय, तुम्ही थांबा'. हायवेवर पुढच्या ट्रकने उजवा इंडिकेटर दिला, तर 'खुशाल ओव्हरटेक करा' किंवा 'मी उजवीकडे वळतोय' यांपैकी काहीतरी एक समजावं. नेमकं काय, ते ट्रक वळला की कळतं.

४. हॉर्नला लाजू नका. जर्मनीत वस्तीमध्ये धोका असेल तरच हॉर्न वाजवायचा असतो. इथे न वाजवणं हाच धोका. ऑडीने भारतासाठी खास दणकट हॉर्न बसवल्याचं कंपनीच्या इथल्या प्रमुखांनीच २०१२ मध्ये सांगितलं होतं. कंपनीला जे उमगलं, ते आतेभावाला उमगायला हरकत नसावी.

५. लेन असिस्ट बंद ठेवा. पट्टा ओलांडला की नव्या गाड्यांचं स्टिअरिंग थरथरतं. डावीकडून ई-रिक्षा, उजवीकडून उलट्या दिशेने स्कूटर आणि मधोमध रवंथ करणारी गाय, यांत पट्टा शोधता शोधता बिचारा कॅमेरा दमेल. आपोआप लागणाऱ्या ब्रेकवरही विसंबू नका. तुमची गाडी इमानदारीने थांबेल. मागची थांबेलच असं नाही.

६. वाद घालू नका. कुणी आडवा आलाच, तर पुणेरी पद्धतीने कायद्याचं कलम ऐकवू नये. काच खाली करून जबलपुरी थाटात 'काय बड्डे!' एवढंच म्हणावं. तो हसेल, कुठून आलात याची चौकशी करेल, रस्ता सांगेल आणि खोवा जलेबी कुठली खावी, तेही सांगेल. मागे रांग लागली तरी सल्ला अर्धवट सोडणार नाही.

७. परतताना वाघाकडून शिका. नागपूरच्या वाटेवर खवासा ओलांडलं, की पेंचच्या जंगलात हायवे खांबांवर चढतो आणि खालून जनावरांसाठी वाट राहते. तिथून जाणारे वाघ कॅमेऱ्यांत टिपले गेले आहेत. ना लायसन, ना चलनाची भीती. तरी आखून दिलेल्या वाटेने जातात. आपल्याला हे अजून जमलेलं नाही, पुण्यातही आणि जबलपुरातही.

एवढं लक्षात राहणार नसेल, तर एकच गोष्ट ध्यानात ठेवा. स्टिअरिंग उजवीकडे असो वा डावीकडे, ब्रेक जगभर अ‍ॅक्सिलरेटरच्या डावीकडेच असतो. तेवढा पायाखाली असू द्या, आणि पहिले दोन दिवस किल्ली आमच्याकडेच राहू द्या.