रात्री दीडचा चेंडू

"ताई, काल झोप लागली का हो तुम्हाला?"

सकाळी तगरीची फुलं काढायला गेले, तर वहिनी भिंतीपलीकडे परडी घेऊन आधीच उभ्या. आमच्या दोन घरांमधली ही भिंत कमरेएवढी. गेल्या तीस वर्षांत तिच्यावरून विरजणापासून लग्नाच्या स्थळांपर्यंत सगळं इकडून तिकडे गेलंय. पण आजचा सूर विरजण मागण्याचा नव्हता.

"रात्री दीड वाजता चेंडू आपटत होतं कुणीतरी. टप्प, टप्प, टप्प. मग धडाम! मग सगळे खो खो हसले, आणि पुन्हा टप्प टप्प सुरू. समोरच्या पार्किंगमध्ये चाललंय तरी काय? मुलं काय, मुली काय, शटर अर्धं खाली. आणि ती कुरळ्या केसांची मुलगी अन् तो चष्मेवाला..."

"वहिनी, तसं काही नाहीये."

"मी कुठं काय म्हणतेय?" वहिनींनी एक फूल उगाचच परडीत इकडचं तिकडे केलं. "पण कानावर येतं ते येतंच. परवा गच्चीत वाळवण काढत होते, तर ही दोघं खाली भांडत होती. ती म्हणते, 'केपीमुळेच सगळं बिघडतंय. केपीला कमी कर.' तो म्हणतो, 'केपी राहू दे, केडी वाढव.' आता हा केपी कोण? मला वाटतं पांढऱ्या स्कूटरवर येतो तो. बिचारीच्या आईला कुणी सांगितलंय की नाही!"

मला हसू आवरेना. केपी हा माणूस नाही, आकडा आहे, हे मला गेल्या रविवारीच कळलं होतं. थालीपिठाचा डबा घेऊन मी त्या पार्किंगमध्ये गेले होते. निमित्त डब्याचं, डोकवायचं मलाही होतंच, खोटं कशाला बोलू!

"वहिनी, ही इंजिनिअरिंगची पोरं आहेत. रोबोकॉन म्हणून स्पर्धा असते, तिच्यासाठी दोन रोबो बनवताहेत. पुढच्या महिन्यात दिल्लीला जायचंय."

"रोबो म्हणजे तो माणसासारखा चालतो तो?"

"छे हो. डोकं नाही, तोंड नाही. ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा सांगाडा, स्टुलावर स्टूल ठेवल्यासारखा. पोरं एकाला थोरला म्हणतात, दुसऱ्याला धाकटा. चाकं मात्र बघण्यासारखी आहेत. प्रत्येक चाकाच्या कडेनं बारकी लाटणी बसवल्यासारखी दिसतात, सगळी तिरकी, ४५ अंशांत. चाकं ठरावीक तऱ्हेनं उलटसुलट फिरवली की गाडी तोंड न वळवता सरळ बाजूला सरकते. खेकड्यासारखी. मेकॅनम चाक म्हणतात त्याला."

"आमच्या ह्यांच्या गाडीला बसवून देतील का? दारातलं पार्किंगचं भांडण तरी मिटेल."

"आणि तुमचा तो केपी. समजा, रोबोचा हात एका ठरावीक जागी नेऊन थांबवायचाय. जागा अजून किती लांब आहे, त्या मानानं जोर लावायचा. लांब असेल तर जास्त, जवळ आलं की कमी. मानानं म्हणजे किती मानानं, तो आकडा केपी. तो फार वाढवला की हात जागा ओलांडून पुढे जातो, मग मागे येतो, पुन्हा पुढे जातो. झोपाळ्यासारखा डुलत बसतो. केडी म्हणजे ब्रेक. हात वेगानं येतोय असं दिसलं की आधीच आवरून धरतो. ती म्हणत होती जोर कमी करू, तो म्हणत होता ब्रेक वाढवू. एवढंच भांडण."

वहिनी क्षणभर हिरमुसल्या. इतकं रंगलेलं प्रकरण असं फुसकं निघालं, तर कुणालाही वाईट वाटेल. "मग पांढऱ्या स्कूटरवाला कोण?"

"तो बुधवार पेठेतून सामान आणतो. तपकीर गल्लीत दिवसातून दोन खेपा असतात त्याच्या. परवा मोटर चालवणारा बोर्ड जळला, धूर आला म्हणे. दुकानं बंद व्हायच्या आत दुसरा आणायला पळाला."

"आणि ही स्पर्धा घेतं कोण?"

"दूरदर्शन."

"दूरदर्शन!" वहिनींनी परडी भिंतीवर ठेवली. परडी भिंतीवर आली की अर्धा तास निश्चित. "म्हणजे आपलं ते बातम्यांचं?"

"तेच. मुळात हे खूळ जपानचं. तिकडच्या एनएचके वाहिनीनं १९८८ साली अशी स्पर्धा सुरू केली. पुढे आशियातल्या आणि आसपासच्या वाहिन्यांच्या संघटनेनं २००२ साली टोकियोत पहिली मोठी स्पर्धा घेतली. तेव्हापासून दरवर्षी वेगळा देश यजमान. आपल्याकडे देशातली फेरी दूरदर्शन घेतं, आणि त्यात जिंकलेला संघ भारताकडून जातो. देशातली फेरी पूर्वी कितीतरी वर्षं आपल्या बालेवाडीलाच व्हायची, आता दिल्लीत होते. आणि गंमत ऐका. खेळ कोणता ते यजमान देश ठरवतो, आणि बहुतेकदा आपल्याच मातीतला काढतो. २००८ साली ती मोठी स्पर्धा पुण्यात झाली. खेळ कोणता असेल?"

"काय, कबड्डी?"

"दहीहंडी! उंचावरच्या हंडीतलं लोणी रोबोंनी काढायचं. कुणी ते सगळं काढलं की 'गोविंदा' झालं म्हणायचे आणि खेळ तिथंच संपायचा. २०१४ साली पुन्हा पुण्यात. तेव्हा एक पालक रोबो आणि एक बाळ रोबो. पालकानं बाळाला सी-सॉवर न्यायचं, झोक्यावर बसवायचं, जंगल जिमवर चढवायचं. सगळं पुरं झालं की 'शाबास'. स्पर्धेच्या नियमांत शब्दच तो होता, शाबास."

"अगंबाई, म्हणजे आपल्या पेशवे पार्कात रविवारी चालतं तेच की."

"आणि २०२२ साली दिल्लीला काय होतं सांगू? लगोरी."

वहिनी एकदम सरळ उभ्या राहिल्या. त्यांचं माहेर मिरजेचं. त्यांच्या आळीत त्यांच्यासारखा नेम कुणाचा नव्हता, हे मी तीस वर्षं ऐकत आलेय. "लगोरी? रोबो लगोरी खेळणार?"

"खेळले की. पाच चकत्यांचा ढीग. एका संघानं चेंडू मारून तो पाडायचा आणि पुन्हा रचायचा. त्यांच्या एका रोबोच्या डोक्यावर चेंडू ठेवलेला. समोरच्या संघानं नेम धरून तो डोक्यावरचा चेंडू पाडायचा."

"आमच्या वेळी पाठीत बसायचा," वहिनी म्हणाल्या. "वळ उठायचा. यंदा काय मग?"

"यंदा, म्हणजे २०२५ साली, यजमान मंगोलिया, तिथं बास्केटबॉलचं वेड. म्हणून बास्केटबॉल. रोबोनं टप्पा देत चेंडू खेळवायचा, जोडीदाराला पास द्यायचा आणि बास्केटमध्ये टाकायचा. तुमचा रात्री दीडचा चेंडू हाच."

वहिनी काही बोलल्या नाहीत. पण संध्याकाळी पाच वाजता इस्त्रीची साडी नेसून माझ्या फाटकाशी हजर. "चला, तुम्ही कुठं जाताय का समोर?" मी काही जाणार नव्हते. गेले.

शटरच्या आत पावसाचा वास आणि सोल्डरचा वास एकत्र झालेला. एका कोपऱ्यात एक गप्प मुलगा मांडी घालून बॅटऱ्या तपासत होता. बॅटरीच्या आतल्या प्रत्येक सेलला मीटर लावायचा आणि आकडा वहीत टिपायचा. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्ट दाखवतो. एखादा मागे पडला की ती बॅटरी बाजूला काढायची. बाजूला वाळूनं भरलेली बादली होती. त्यात एक बॅटरी पुरलेली, पुरीसारखी फुगलेली.

"फुगली की संपली, काकू," तो म्हणाला. "पेट घेऊ शकते, म्हणून वाळूत." त्या संध्याकाळभरात तो एवढंच बोलला.

"हाच सगळ्यांत खालच्या थरातला," मी वहिनींना हळूच म्हटलं. "फोटोत कधी यायचा नाही, आणि हा हलला की हंडी गेली."

कुरळ्या केसांची मुलगी जमिनीवर पालथी पडून थोरल्याच्या पोटात हात घालून वायरी बांधत होती. तिच्या बोटांना दोन ठिकाणी चिकटपट्ट्या. पलीकडे चष्मेवाला सायकलच्या पंपानं कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या बाटलीत हवा भरत होता. चेंडू वर ढकलायला दाबलेली हवा लागते, आणि ती साठवायला हीच बाटली. दाबाला नियमाप्रमाणे मर्यादा असते, सहा बारची. त्याच्या डोळ्यांवर आडवा प्लॅस्टिकचा चष्मा होता आणि नजर दाबाच्या काट्यावर.

"पाण्याची बाटली नाही का चालत? आमच्याकडे ढीग आहेत," वहिनींनी विचारलं.

"नाही काकू, ती पातळ असते. कोल्ड्रिंकच्या बाटलीत मुळात गॅस कोंडलेला असतो. दाब सोसायलाच बनवलेली असते ती."

मग संघाच्या कॅप्टननं सगळ्यांना मागे सरकवलं. थोरल्याच्या छातीवरचं भलंमोठं लाल बटण एकदा दाबून पाहिलं. काहीही बिनसलं तर हे बटण दाबायचं, सगळं जागच्या जागी बंद. चेंडू ठेवला. टप्प. परत हातात. टप्प. परत हातात. वहिनींनी टाळी वाजवायला हात उचलले. तिसऱ्या टप्प्याला हात मध्येच लटकला, आणि चेंडू फरशीवरून घरंगळत थेट वहिनींच्या पायाशी आला.

"झालं!" कॅप्टन ओरडला. पण चक्क आनंदानं. मुलगी परत पालथी पडली आणि दोन मिनिटांत एक पांढरा कनेक्टर वर धरून दाखवला. निसटलेला. हादऱ्यानं. भिंतीवर खडूनं एक यादी होती, तिच्यात कॅप्टननं लिहिलं: ६३. हाताचा कनेक्टर, टाय लावणे. वरचे बासष्ट नंबर खोडलेले.

बाहेर पडल्यावर वहिनी म्हणाल्या, "मोडलं तर हसतात काय ही पोरं? माझा ऊर धडधडला."

"वहिनी, दिवाळीत पहिल्या घाण्याची चकली मोडली की तुम्ही काय करता?"

"काय करणार? पिठात मोहन जास्त झालं का, पाणी कमी पडलं का, बघते. मोडलेली पोरांना देते."

"आणि पाहुण्यांपुढे?"

"पाहुण्यांपुढे पहिला घाणा कोण ठेवतं?" बोलता बोलता त्याच थांबल्या. "म्हणजे यांचा अजून पहिला घाणाच चाललाय म्हणा की. रात्री दीडपर्यंत."

मला त्या पोरांबद्दल जे म्हणायचं होतं, ते वहिनींनी एका वाक्यात म्हणून टाकलं. लोकांना वाटतं रोबो बनवतात. बनवायला काय, तो महिन्याभरात उभा राहिला होता. बाकीचे सगळे महिने तो मोडायचा आणि मोडलेलं लिहून ठेवायचं, यात गेले. दिल्लीतला सामना काही मिनिटांचा. तिथं चौसष्टावी चूक सापडली, तर तिचा काही उपयोग नाही. ती इथेच, आपल्या गल्लीत, आपली झोप मोडून सापडली पाहिजे.

दुसऱ्या दिवसापासून वहिनींचं बातमीपत्र बदललं. परवा सांगत होत्या, "रद्दीवाल्याला आत बोलावलं आज. वजनाला मर्यादा असते ना, त्याच्या काट्यावर धाकट्याला टांगलं. तो म्हणतो, 'भंगारात देताय का? ॲल्युमिनियमचा भाव बरा आहे आत्ता.' ती कुरळी अशी धावली त्याच्या अंगावर! थोडं वजन जास्त भरलं. आता पट्ट्यांना भोकं पाडून हलकं करताहेत. चाळणी झालीय नुसती. मी लिंबू-मिरची बांधायला नेली होती, ती पण नको म्हणाले. वजन वाढतं म्हणे."

"आणि नारळ?"

"नारळ फोडायचा, पण रस्त्याच्या पलीकडे. पाणी उडालं तर बोर्ड जाईल. सगळं ठरलंय. झेलम एक्सप्रेसनं निघणार आहेत, रोबो लाकडी खोक्यांतून. मी दशम्या आणि शेंगांची चटणी देणार. आणि हो, त्या दोघांचं भांडण मिटलं. केपी थोडा कमी केला, केडी थोडा वाढवला."

रात्रीच्या आवाजाची बोलणीही वहिनींनीच केली. ग्राइंडर रात्री दहाला बंद. चेंडू बारापर्यंत चालेल, पण खाली जुन्या सतरंजीची घडी घालून... तर तीही नाही. सतरंजीवर टप्पा नीट येत नाही, असं पोरांनी समजावल्यावर वहिनींनी ती अट मागे घेतली आणि कानात कापूस घालायचं कबूल केलं.

आमच्या गल्लीतल्यांना एवढंच सांगणं आहे: कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या रिकाम्या बाटल्या असतील, तर झाकणासकट आमच्या भिंतीवर ठेवा. पाण्याच्या नकोत.